कूलर बंद करा, मग ‘कुंकू’ लावा

“पिच्चर भलता स्लो शे भो,” म्हणत कुणी जुन्या सिनेमातून उठलं, तर आधी खोलीतल्या कूलरकडे बघा. ‘कुंकू’ला (१९३७) व्ही. शांताराम यांनी पार्श्वसंगीत दिलंच नाही. सगळा भार संवादांवर, साध्या आवाजांवर आणि शांततेवर. मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या ४५ अंशांत कूलरच्या घरघरीत ही शांतताच ऐकू येत नाही, मग सिनेमा रिकामा वाटणारच. तो हिवाळ्यात लावा. मळ्यातली भरीत पार्टी आटोपल्यावर बसलात तर उत्तम.

आवाजाची दुसरी गडबड डीजेचे बॉक्स करतात. त्या काळचा ध्वनी मोनो, आणि साधारण आठ हजार हर्ट्झच्या वर त्यात खरखरच जास्त. बेस चढवला की घुमतं, संवाद पुसट होतात. बेस पार खाली, ट्रेबल थोडा कमी, आणि एकच स्पीकर पडद्याच्या खाली मधोमध ठेवा. दोन टोकांना दोन ठेवले तर मधल्या माणसाखेरीज सगळ्यांना शब्द फाटल्यासारखे येतात.

चित्राचं म्हणाल तर चेहरे चपटे दिसले की समजायचं, जुन्या सिनेमाची ४:३ची (रुंदी ४, उंची ३) चौकट आजच्या १६:९च्या रुंद पडद्यावर ताणलीय. प्रोजेक्टरचं चित्र ८ फूट रुंद असेल, तर उंची साडेचार फूट. त्यात जुना सिनेमा ६ फूट रुंदच दिसायला हवा, दोन्ही बाजूंना एकेक फूट काळी पट्टी. पट्टी बघून लोक कुरकुरतात, कुरकुरू द्या. पडदा म्हणून लावलेली चादर पातळ असेल तर मागे काळं कापड लावा, नाहीतर उजेड आरपार जातो. चुन्याची भिंत त्याहून बरी. टीव्ही असेल तर ‘मोशन स्मूदिंग’ (मधल्या चौकटी भरून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद आणि ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘मूव्ही’ मोड, नाहीतर कृष्णधवल चित्र निळसर पडतं.

मूकपट माकडउड्या मारताना दिसतात, त्यात नटांचा दोष नाही. सेकंदाला १६-१८ चौकटींनी टिपलेलं चित्र २४ने पळवलं की माणसं धावणारच. प्लेअरमध्ये वेग ०.७ करा, चाल माणसासारखी होते.

सत्तरच्या दशकातल्या रंगीत प्रती लालसर दिसतात, कारण फिल्ममधला निळसर रंग आधी उडतो. शिरपूरच्या घराण्यातल्या स्मिता पाटील यांचा ‘जैत रे जैत’ (१९७७) असा विटलेला मिळाला, तर लाल थोडा उतरवा. जास्त उतरवलात तर चेहरे हिरवट होतात.

एवढं करूनही काही सिनेमे टिकत नाहीत. नायकाने थोबाडीत मारली की नायिका सुधारते, असल्या गोष्टींना कुठलाच प्रोजेक्टर वाचवत नाही, आणि मुली हसतात ते बरोबरच. ‘संत तुकाराम’ (१९३६) मात्र वेगळा. शेवटचं गरुडाचं विमान आज खेळण्यातलं वाटेल, वाटू दे. पण पोर आजारी पडल्यावर चप्पल घेऊन विठोबाला जाब विचारायला देवळात शिरणारी जिजाई कुठल्याही गल्लीतल्या बाईने ओळखावी अशी आहे. नवख्या प्रेक्षकांना पहिला सिनेमा दाखवायचा तर हाच. मेमध्ये उघड्यावर दाखवणार असाल तर पावणेआठच्या आधी लावू नका, तोवर आभाळात उजेड असतो.