पंप नाही, मोटर नाही: कासेलच्या डोंगरावरचा एक रविवार

बाग बघायला आलेले लोक आम्हाला कामाच्या कपड्यांत बघितलं की हमखास विचारतात, पंप कुठे बसवलाय? पंप नाहीच म्हटलं की त्यांना खरं वाटत नाही. समोर पन्नास मीटर उंच कारंजं उडतंय, म्हणजे पंधरा-सोळा मजली बिल्डिंगएवढं, आणि हा माणूस सांगतोय की मोटर नाही, लाइट नाही, काहीच नाही. पण खरंच नाही. जर्मनीतल्या कासेल शहराच्या पश्चिमेला हाबिश्ट्सवाल्डचा डोंगर आहे, त्याच्या उतारावर विल्हेल्म्सह्योहे राजवाड्याची बाग पसरलीये, आणि तिथलं सगळं पाणी गेली तीनशे वर्षं फक्त उतारावर चालतंय. वर तळी, खाली कारंजं, मध्ये माणसं. त्या माणसांबद्दल मला लिहायचंय कारण त्यांचे फोटो कुणी काढत नाही.

मी तिथे बागेच्या टीममध्ये आहे आणि पाणी सोडायच्या दिवशी पाण्याच्या टीमला हाताखाली जातो. १ मे ते ३ ऑक्टोबर, दर बुधवारी आणि रविवारी, शिवाय इथल्या सुट्ट्यांना, दुपारी बरोबर अडीचला डोंगराच्या माथ्यावरून पाणी सुटतं. माथ्यावर ऑक्टोगोन नावाची काळपट दगडांची प्रचंड वास्तू आहे, तिच्यावर पिरॅमिड, आणि पिरॅमिडच्या टोकावर तांब्याच्या पत्र्याचा हर्क्युलिस, ग्रीक कथांतला महाबली, त्याचा पुतळा उभा, सव्वाआठ मीटर उंच, १७१७ साली पूर्ण झालेला. हेसे-कासेलचा लांडग्राफ कार्ल, म्हणजे इथला राजाच म्हणा, इटलीला जाऊन आला, तिथल्या बागा बघून वेडा झाला आणि ग्वेर्निएरो नावाच्या इटालियन माणसाला घेऊन त्यानं हे सगळं काढलं. मूळ बेत असा होता की पाण्याच्या पायऱ्या माथ्यापासून थेट राजवाड्यापर्यंत न्यायच्या, पण झाला फक्त वरचा साधारण तिसरा हिस्सा, आणि तेवढा चढतानासुद्धा पोटऱ्या भरून येतात. पाणी मात्र १७१४ मध्येच पहिल्यांदा सोडलं. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की डेनी पापँ, वाफेच्या जोरावर पाणी उपसायचे प्रयोग करणारा फ्रेंच शास्त्रज्ञ, ह्याच कार्लच्या पदरी होता, आणि तरी हा डोंगर शेवटी वाफेविनाच चालला. २०१३ ला युनेस्कोनं ह्याला जागतिक वारसा केलं.

आता माळीकाम म्हटलं की लोकांना गुलाबाचे ताटवे आठवतात. आमचं निम्मं काम दगडांतलं आहे. ऑक्टोगोन आणि पायऱ्या इथल्याच डोंगरातल्या टफ दगडाच्या आहेत, ज्वालामुखीच्या राखेचा तो दगड, मऊ, पाणी पिणारा, आणि त्याच्या सांध्यांत मॅपल आणि बर्चची बी पडली की दोन पावसांत रोप उभं राहतं. बोटाएवढं असताना उपटलं तर ठीक, नाहीतर मूळ आत शिरतं आणि चिरा सरकतो. म्हणून हिवाळ्यात पाणी उतरवून घेतलं आणि नंतर बर्फ वितळला की आम्ही गुडघे टेकून एकेक सांधा बघत फिरतो. पाचोळा, गाळ, शेवाळ, पाण्याच्या तोंडावरच्या जाळ्या, सगळं हातानं. ह्यातलं काही पाहुण्याला दिसत नाही आणि दिसू नये अशीच अपेक्षा असते.

त्या रविवारची गोष्ट. उन्हाळा आधीच कोरडा गेला होता, वरची तळी खाली गेलेली, आणि शनिवारी रात्री एकदम वादळ. सकाळी आम्ही पोचलो तर रस्ताभर फांद्या. कोरड्या उन्हाळ्यांनी इथली जुनी बीचची झाडं आतून खिळखिळी झालीयेत, वरून हिरवी दिसतात पण वारा आला की मांडीएवढी फांदी सरळ खाली येते. पाण्याचे आमचे मुख्य वॉसरमाइस्टर, साठीला टेकलेले, फार न बोलणारे, त्यांनी सगळ्यांना वाटे लावून दिले. कोण पायऱ्या बघणार, कोण श्टाइनहोफर धबधबा, कोण पूल, कोण अ‍ॅक्वाडक्ट म्हणजे पाणी वाहून नेणारा कमानींचा पूल. दुपारपर्यंत चेनसॉ आणि दाताळी बंद झाली नाहीत. पाणी रद्द करायचं का असं कुणीतरी विचारलं, तर ते म्हणाले आधी चर बघू, मग बोलू. एकच्या सुमाराला चर साफ असल्याचे निरोप सगळीकडून वॉकीटॉकीवर आले आणि सोडायचं ठरलं.

अडीचला वर असणं ही वेगळीच गोष्ट आहे. खाली पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना हजारो माणसं बसलेली, पोरं बुटं काढून तयार. पाणी यायच्या आधी आवाज येतो. कुंडाच्या काठावर एक सेंटॉर आहे, अर्धा घोडा अर्धा माणूस, आणि त्याचा जोडीदार, दोघांच्या तोंडाशी तांब्याची शिंगं, आणि आतून चढणारं पाणी हवा ढकलतं तशी ती शिंगं वाजतात, घोगरा लांब भोंगा, अंगावर काटा येतो. मग दगडाखाली गाडलेल्या राक्षसाच्या तोंडातून बारा मीटरचा फवारा उठतो आणि पाणी एकेक पायरी भरत खाली निघतं. लोक त्याच्याबरोबर चालायला लागतात. हाच ह्या बागेचा खेळ आहे, पाणी आणि माणसं दोन्ही डोंगर उतरतात, सव्वा तासात पाच ठिकाणं.

आम्ही मात्र पाण्याच्या पुढे पळत असतो. आमच्याकडे सांगली भागात रात्री उसाला पाणी द्यायला जातात त्याला दारं धरणं म्हणतात, एक वाफा भरत आला की त्याचं तोंड बंद करायचं, पुढचं फोडायचं, पाणी कुठवर आलं ते अंधारात आवाजावरून ओळखायचं. इथे नेमकं तेच चालतं, फक्त वाफ्याच्या जागी धबधबे. तीन वाजून पाचला श्टाइनहोफरचा. हा कार्ल श्टाइनहोफर इथला कारंज्यांचा इन्स्पेक्टर होता, त्यानं १७९३ मध्ये हा धबधबा असा रचला की माणसानं बनवलाय हे कळूच नये, दगड असे टाकलेत की पाणी दहा वाटांनी फुटतं. वॉसरमाइस्टरनी दार उचललं, मी दुसऱ्या टोकाला होतो, आणि पाणी झाडांतून आलं तसा लोकांचा अहा ऐकू आला. सगळं वेळेवर होतं. तीन-वीसला सैतानाचा पूल, तिथेही वेळेवर. मी पुलावरून निघून चराच्या कडेनं अ‍ॅक्वाडक्टकडे निघालो.

चराच्या एका वळणावर आमच्या बागेच्या टीममधली बाई उभी होती, तीस वर्षं इथेच काम करणारी, हातात लांब दांड्याचा आकडा. मी तिच्याजवळून जाताना ती म्हणाली, थांब, ऐक. मला तर पाण्याचा आवाजच ऐकू येत होता, चांगला खळखळ. ती म्हणाली, हा आवाज इथे नको, इथे पाणी गप्प असतं. आणि खरंच, दहा पावलं वर चराला पाणी कडेवरून बाहेर पडत होतं, पायवाटेवर ओघळ आला होता. वरून कुठूनतरी तुटून आलेली फांदी आडवी बसली होती आणि तिच्यामागे रात्रीचा पाचोळा पाण्यानं दाबून घट्ट बोळा झाला होता. सकाळी तो चर स्वच्छ होता, मी स्वतः दाताळं फिरवलं होतं. पाणी आलं तेव्हा त्यानं वरचा सगळा कचरा गोळा करत आणला.

ती सरळ आत उतरली. बूट, पँट, कशाचा विचार नाही. आकडा फांदीच्या बेचक्यात अडकवला आणि मला म्हणाली खालून ओढ, वरून नको, वरून ओढलीस तर बोळा एकदम सुटेल आणि पुढच्या जाळीवर जाऊन बसेल. म्हणून आम्ही फांदी हळूहळू फिरवली, आधी कडेचा पाचोळा हातानं उपसून बाहेर टाकला, ओंजळी ओंजळीनं, काळा, थंडगार, आणि फांदी शेवटी काढली. वॉकीटॉकीवर तोवर अ‍ॅक्वाडक्टवरचा पोऱ्या ओरडत होता की पाणी बारीक येतंय, धार कड्यापर्यंत पोचेना. हा अ‍ॅक्वाडक्ट मुद्दाम पडका बांधलाय, १७९२ साली पूर्ण झालेला, जुन्या रोमन पुलाचा भग्न अवशेष वाटावा असा, कमानी चालत येतात आणि अचानक तुटतात, आणि त्या तुटक्या टोकावरून पाणी तीसेक मीटर खाली पडतं. तिथे पाणी बारीक आलं की भिंतीवरून नुसतं ओघळतं, झेप घेत नाही. खाली लोक मोबाईल वर धरून उभे होते.

वॉसरमाइस्टरनी फक्त विचारलं, किती वेळ? ती म्हणाली, पाच मिनिटं. ते म्हणाले, मी खाली कारंजं धरून ठेवतो. बास. चर्चा नाही. कारंज्याला पाणी वेगळ्या तळ्यातून येतं, ते पावणेचारला ठरल्याप्रमाणे सोडता आलं असतं, पण तसं केलं असतं तर अ‍ॅक्वाडक्टखाली थांबलेल्या लोकांचं ते हुकलं असतं. आणि आमच्याकडे दुसऱ्यांदा सोडायला पाणी नसतं. जे खाली गेलं ते गेलं, परत वर चढवायला काही साधन नाही, तळं पुन्हा भरेल ते डोंगरातल्या झऱ्यांनी, त्यांच्या वेगानं.

पाणी सुटलं. मी पळत खाली गेलो तेव्हा कड्यावरून पूर्ण धार पडत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते. ती मात्र वर चरातच उभी होती, पुढची जाळी बघत.

कारंज्याच्या व्हॉल्व्हपाशी पोचलो तर वॉसरमाइस्टरनी मला चाक धरायला सांगितलं. आजवर मी बाजूला उभा राहून बघितलं होतं. हे चाक झटक्यात फिरवायचं नसतं, तळ्यापासून कारंज्यापर्यंतचं सगळं पाणी पाइपात एकदम धावलं तर जुना पाइप दणका खातो, आणि पाइपात हवा असते ती आधी निघावी लागते. थोडं फिरवायचं, थांबायचं. आधी तोटीतून थुंकल्यासारखे फटकारे आले, मग एक ढेकर, मग पुन्हा फटकारा, आणि ते म्हणाले आता हात लाव धातूला. हवा असेपर्यंत चाकाला बारीक थरथर होती, गेल्यावर ती एकदम थांबली आणि त्याच्या जागी एक जड, एकसारखा दाब जाणवायला लागला. आता दे, म्हणाले. दिलं. तळ्याच्या मधून पांढरा खांब वर गेला, झाडांच्या वर गेला, आणि वारा असल्यामुळे त्याचा तुरा एका बाजूला वाकून लोकांच्या अंगावर आला. अ‍ॅक्वाडक्टकडून माणसं अजून धावत येत होती आणि त्या सगळ्यांना ते मिळालं. मला त्या क्षणी फार, फार आनंद झाला.

संध्याकाळी गावी अण्णांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी आधी विचारलं मोटर किती एचपीची, मी म्हटलं अण्णा, मोटर नाहीये, तुम्ही वरचं तळं बघा. मग बराच वेळ गप्प राहून म्हणाले, म्हंजे लाइट गेली तरी चालतंय? मी म्हटलं लाइट यायच्या आधीपासून चालतंय. कारंज्यात त्यांना पुढे रस राहिला नाही, चर किती रुंद आहे, कडा कशाच्या आहेत, पाणी पाझरतं का, जाळी किती अंतरावर, हेच सगळं विचारत बसले, आणि चरात उतरलेल्या बाईचं सांगितल्यावर म्हणाले, तिला पगार चांगला देतात न्हवं?

सोमवारी सकाळी चराच्या वरच्या बाजूची तीन झाडं आम्ही खुणा करून ठेवली. त्यातलं एक तोडावं लागणार आहे, दोन नुसती हलकी करून वाचतात का ते बघायचंय, आणि त्या वळणाच्या अलीकडे आणखी एक जाळी बसवायची का ह्यावर ती बाई आणि वॉसरमाइस्टर अजून भांडतायत, कारण तिचं म्हणणं जाळी वाढली की अडकायच्या जागा वाढतात. मला तिचं पटतं. बुधवारसाठी तळं अजून हातभर कमी आहे.