शनिवारी दूध मिळू लागले तेव्हा

१९९७ साली नोकरीसाठी न्यूयॉर्कला आलो तेव्हा माझी कचेरी वॉल स्ट्रीटपासून दोन गल्ल्यांवर होती. संध्याकाळी सातनंतर तेथे शुकशुकाट पसरत असे. एका शनिवारी कामानिमित्त गेलो असता चहापुरते दूध मिळावे म्हणून मी अर्धा तास हिंडलो, पण सगळी शटर खाली ओढलेली होती, कारण शनिवारी दूध घेणारे तेथे फारसे कोणी राहतच नव्हते.

शेअर बाजाराच्या १९८७ मधील घसरणीनंतर रिकाम्या पडत गेलेल्या तेथील कचेऱ्यांच्या इमारतींमध्ये घरे व्हावीत म्हणून १९९५ मध्ये मालमत्ता करात मोठी सवलत देण्यात आली आणि त्यातून जवळपास १३ हजार घरे उभी राहिली. मात्र तेथील भाडी सामान्य नोकरदाराच्या आवाक्याबाहेरच राहिली. करसवलत घेऊनही अनेक घरमालकांनी चढ्या भाड्याची घरे भाडेनियंत्रणातून वगळली होती. ते बेकायदा असल्याचे राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने थेट २०१९ मध्ये सांगितले. तोवर किती कुटुंबे तेथून उठून गेली असतील, याचे मला आजही वाईट वाटते.

कचेरीच्या इमारतीत घरे करायची परवानगी मिळाली तरी खरी अडचण उजेडाची असते. कचेरीचे मजले इतके रुंद असतात की मधल्या भागात सूर्यप्रकाश पोहोचत नाही, आणि राहत्या खोलीला बाहेर उघडणारी खिडकी तर कायद्यानेच आवश्यक आहे. २५ वॉटर स्ट्रीट ही १९६९ ची इमारत त्याचे उत्तम उदाहरण आहे. तिच्या भिंतींत खिडक्यांऐवजी जेमतेम फटी होत्या. तेथे मजल्यांचे स्लॅब कापून, आपल्या वाड्यांना असतात तसे, दोन चौक काढले गेले, आणि त्यात गेलेली जागा वर दहा मजले चढवून भरून काढण्यात आली. त्यातून झालेल्या १,३२० घरांपैकी चौथा हिस्सा कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखीव आहे, कारण २०२४ च्या नव्या करसवलतीची ती अटच आहे. ही अट १९९५ मध्येच घालायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या महिन्यात शनिवारी सकाळी मी मुद्दाम त्या बाजूला गेलो. जुन्या कचेरीच्या कोपऱ्यावरचे दुकान उघडे होते आणि माझ्यापुढे रांगेत उभी असलेली बाई बाबागाडीच्या मुठीला दुधाची पिशवी अडकवत होती.