बाबांचा लॅपटॉप आणि आठ जीबीचा पेनड्राइव्ह

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि बाबांच्या लॅपटॉपचं काय करायचं हा प्रश्न घरात उभा राहिला. लॅपटॉप तसा ठणठणीत होता, कीबोर्डवरची चार अक्षरं पुसली होती एवढंच. पण विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच लागतो, आणि हा लॅपटॉप दोन्हींत बसेना. रोज नीट चालणारी वस्तू एवढ्यासाठी अडगळीत टाकायला मन घेत नव्हतं. म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरवलं, त्यातही ४ जीबी रॅमला झेपेल अशी एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती.

“बाबा, यातलं दुसरीकडे कुठे काही ठेवलंय का?” मी आधीच विचारून घेतलं.

“अगं, सगळं यातच आहे.”

त्या ‘सगळं’मध्ये आईचे जुने फोटो होते. एक अख्खी संध्याकाळ ते बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवण्यात गेली. नंतर अधलेमधले फोटो त्या डिस्कवरून उघडूनही पाहिले. कंटाळवाणं काम आहे, पण ते झाल्याशिवाय पुढे जाऊच नये. मग ती डिस्क काढून कपाटात ठेवली, कारण पेनड्राइव्ह बनवताना यादीतलं चुकीचं नाव निवडलं गेलं तर तिच्यावरचंही सगळं पुसलं गेलं असतं.

मिंटची आयएसओ, म्हणजे अख्खी सिस्टिम भरलेली एकच फाइल, जवळपास तीन जीबीची. ती उतरवली, पेनड्राइव्हवर कॉपी केली, लॅपटॉप बंद करून चालू केला. विंडोजच सुरू झालं. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

मला माहीत नव्हतं ते असं. लॅपटॉप चालू होताना त्यातलं यूईएफआय, म्हणजे विंडोजच्याही आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, पेनड्राइव्हवर ईएफआय नावाचा फोल्डर शोधतं, त्याच्या आत बूट नावाचा, आणि त्यात बूटएक्स६४ नावाची एक छोटी फाइल. ती सापडली की पुढचा कारभार तिच्याकडे जातो. मी ठेवली होती एक मोठी बंद पेटी. ती छोटी फाइल पेटीत होतीच, पण पेटी उघडून सामान जागच्या जागी लावल्याशिवाय ती दिसणार कशी? आयएसओ कॉपी करायची नसते, पेनड्राइव्हवर ‘लिहायची’ असते. हा फरक कळला आणि अर्धं काम तिथेच झालं.

लिहिण्यासाठी रूफस हे विंडोजवर चालणारं सॉफ्टवेअर वापरलं. छोटंसं आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही. वर पेनड्राइव्ह निवडायचा, खाली आयएसओ. पार्टिशन स्कीम, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या जागेची मांडणी, जीपीटी ठेवली. फक्त यूईएफआयऐवजी जुनं बायोस असलेल्या कॉम्प्युटरला एमबीआर लागते. आयएसओ मोड (फाइली मांडून लिहिणं) की डीडी मोड (जशीच्या तशी प्रत) असं विचारलं तेव्हा आयएसओ मोड घेतला. पेनड्राइव्हवरचं सगळं जाईल अशी सूचना आली, तेव्हा त्याचं नाव आणि आकार पुन्हा एकदा वाचला आणि मगच होकार दिला.

लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ते विचारणाऱ्या बूट मेनूसाठी प्रत्येक कंपनीची कळ वेगळी: कुठे एफ१२, कुठे एफ९, कुठे एस्केप. मी सगळ्या दाबून पाहिल्या, पण दर वेळी विंडोजच पुढे यायचं. शेवटी विंडोजमधूनच वाट सापडली. शिफ्ट दाबून धरायचं आणि रीस्टार्टवर क्लिक करायचं. निळा पडदा येतो, त्यात ‘यूज अ डिव्हाइस’ निवडलं की पेनड्राइव्हचं नाव दिसतं. सिक्युअर बूटला, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणाऱ्या सेटिंगला, हातही लावावा लागला नाही. मात्र ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप चालू आहे त्यांनी बूटच्या सेटिंगांना हात लावण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवावी.

मिंटचा मेनू दिसला तेव्हा मी बाबांना हाक मारली. ते येऊन शेजारी बसले, आणि पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या ओळी धावू लागल्या: स्क्वॅशएफएस एरर, स्क्वॅशएफएस एरर. म्हणजे मिंटच्या दाबून भरलेल्या फाइली वाचता येत नव्हत्या. डेस्कटॉप काही आला नाही.

मला आधी पेनड्राइव्हचा संशय आला. दुसरा घेऊन पुन्हा लिहिला, तरी त्याच ओळी. तेव्हा कुठे एसएचए २५६ तपासायचं सुचलं. हे खरं तर सगळ्यात आधी करायचं काम. फाइलच्या प्रत्येक बाइटवरून ६४ चिन्हांची एक खूण तयार होते आणि एक बाइट जरी इकडचा तिकडे झाला तरी ती पार बदलते. विंडोजमध्ये सर्टयुटिलची एक कमांड दिली की ती मिळते. माझी खूण ७ ने सुरू होत होती, मिंटने दिलेली ए ने. पुढची चिन्हं पाहायची गरजच उरली नाही. डाउनलोड मध्येच कुठेतरी बिघडला होता आणि मी दोन दिवस पेनड्राइव्हला बोल लावत होते.

या वेळी टॉरेंटने उतरवली, कारण त्यात प्रत्येक तुकडा येता येताच तपासला जातो. मग खूण जुळवली. बाबा एकेक चिन्ह मोठ्याने वाचत होते आणि मी बोट ठेवून पाहत होते. त्याबरोबर मिंटची डिजिटल सहीसुद्धा तपासली. फेब्रुवारी २०१६ मध्ये कोणीतरी मिंटच्याच संकेतस्थळात शिरून डाउनलोडचा दुवा बदलला होता आणि चोरदार (आत शिरायची छुपी वाट) असलेली आयएसओ लोकांपर्यंत पोचली होती. ज्याला दुवा बदलता येतो त्याला शेजारी लिहिलेली खूणही बदलता येईल, सही मात्र त्याला करता येणार नाही.

यानंतर डेस्कटॉप सरळ आला. हा पेनड्राइव्हवरूनच चालणारा लाइव्ह डेस्कटॉप असतो, डिस्कवर अजून काहीही झालेलं नसतं. वाय-फाय, आवाज, टचपॅड, प्रिंटर सगळं आधी चालवून पाहिलं. लॅपटॉपमधली डिस्कही तिथून उघडता आली, आणि डाउनलोड्समध्ये राहून गेलेली बाबांची दोन कागदपत्रं हाती लागली. ती वाचवून मगच इन्स्टॉलवर क्लिक केलं. विंडोज ठेवायचं नव्हतं, त्यामुळे पूर्ण डिस्क दिली. पुढचं अर्ध्या तासात आटोपलं.

शेवटी पेनड्राइव्ह काढून एंटर दाबा अशी ओळ आली. “मी काढू?” बाबांनी विचारलं, आणि हळूच ओढून काढला.

तो पेनड्राइव्ह मी पुसलेला नाही. ‘मिंट, तपासलेला’ अशी चिठ्ठी लावून बाबांच्या खणात ठेवला आहे. उद्या लॅपटॉप सुरूच झाला नाही, तर त्याच्यावरून आतल्या फाइली बाहेर काढता येतील.