विषयाचा रकाना

मंगळवार, रात्र

आज पत्र आवकला दिलं. तीन आठवडे पर्समध्ये घेऊन फिरत होते, शेवटी दिलं. गोल शिक्का बसला, क्रमांक पडला, माझ्या प्रतीवर पोच मिळाली. आता खरं तर गाढ झोप लागायला हवी.

पण शिक्का मारून झाल्यावर त्या पोराने नोंदवही पुढे ओढली आणि मान वर करून विचारलं, "ताई, विषयात काय लिहू? तक्रार की निवेदन?"

आणि मी म्हटलं, "निवेदन लिही."

बस, एवढंच. त्याने लिहिलं आणि पुढचं टपाल हातात घेतलं. जिना उतरेपर्यंत मला काही वाटलं नाही. शेवटच्या पायरीवर एकदम पोटात गोळा आला, तो अजून तिथेच आहे.

आधी स्वतःला सांगून पाहिलं, ऐकण्यात चूक झाली असेल. ही सबब माझ्याकडे बारा महिने तयार असते. पण आज ती चालत नाही. तो पोरगा माझ्याशी बोलताना चेहरा समोर ठेवतो, घाई करत नाही. अख्ख्या इमारतीत असं दोघंच करतात, आणि दुसऱ्या व्यक्तीचं नाव इथे लिहीत नाही, उगाच तिच्यावर बालंट. दोन्ही शब्द मला स्वच्छ कळले होते. गंमत म्हणजे 'निवेदन' ओठांवर दिसतं, 'व'ला खालचा ओठ हलतो. 'तक्रार' दिसतच नाही, सगळं आत जिभेवर आणि घशात. तरी कळलं.

मग का म्हणाले?

पोराची काही चूक नाही. त्याला विचारावं लागलं, कारण माझ्याच पत्राचा विषय होता: 'कार्यमूल्यमापन अहवालातील शेऱ्याबाबत'. बाबत! सतरा वर्षं टिपण्या लिहून हा एक शब्द अंगात मुरलाय. कुणी मेलं तरी आम्ही 'निधनाबाबत' लिहू. आत पत्रात दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 आहे, कलम 23 आहे, 'भेदभाव' तीन वेळा आहे, आणि वर विषयात मी 'बाबत' पांघरून बसले.

शेरा पाठ झालाय. 'संवादकौशल्यात सुधारणेस वाव. बैठकांमधील सहभाग अल्प.' आणि दर्जा एक पायरी खाली. बैठकांमधला सहभाग अल्प असणारच, कारण मार्चनंतर मला व्हीसीला, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सला, बोलावलंच नाही. "मॅडम, तुम्हाला कशाला त्रास?" असं म्हणाले होते. साहेब वाईट नाहीत. हे वाक्य मी पत्राच्या पहिल्या मसुद्यातही लिहिलं होतं. मावशींनी लाल पेनाने खोडलं आणि समासात लिहिलं, 'हे तुम्ही का सांगताय?'

मी मागितलं तरी काय होतं? व्हीसीच्या पडद्यावर बोलण्याचे मथळे (कॅप्शन) सुरू ठेवा, त्याला एक बटण लागतं. बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी द्या. आणि साहेबांनी खिडकीकडे पाठ करून बसू नये. सकाळी अकराला मागून उजेड आला की त्यांचा चेहरा म्हणजे नुसती काळी सावली, ओठ शोधायचे कुठे? खुर्ची फिरवायला निधी लागत नाही, मंजुरी लागत नाही. माझ्या प्रमाणपत्रावर दोन्ही कानांचं नुकसान डेसिबलमध्ये लिहिलंय, त्याची छायाप्रत आस्थापनेत तीनदा दिली. तीनदा हरवली. हा विषय परत कधी.

मुद्दा असा आहे, आणि हा मला जिन्यावर आठवला, की त्या शब्दाने नुसता मान जात नाही, मुदतही जाते. दिव्यांग हक्कांचा 2016 चा कायदा म्हणतो की शासकीय आस्थापनेने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याने तक्रारींची नोंदवही ठेवायची, आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत प्रत्येक तक्रारीची चौकशी व्हायची. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. दोन आठवडे! आमच्याकडे तेवढ्यात पंख्याचं रेग्युलेटर बदलून मिळत नाही. आणि निवेदन? मॅटचा, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणाचा, 1985 चा कायदा बघा. निवेदन दिल्यावर सहा महिने उत्तर आलं नाही, तर मग दार ठोठवायला मोकळे, आणि त्यापुढे एक वर्ष. म्हणजे त्या पोराने मला विचारलं होतं, ताई, दोन आठवडे लिहू की सहा महिने? आणि मी सहा महिने मागून घेतले. स्वतःच्या तोंडाने.

(हे असंच धरलं जाईल की नाही, ते आत काय लिहिलंय त्यावरही ठरेल. मावशी म्हणतील, कायदा मजकूर बघतो, मथळा नाही. पण आस्थापना मथळाच बघते. मी स्वतः सहा वर्षं आवकला होते, मी काय बघायचे ते मला माहीत आहे.)

निवारण अधिकाऱ्यांचं दालन साहेबांच्या दालनाला लागून आहे. दोघं दुपारी एकत्र बसतात. याबद्दल आज काही लिहायचं नाही.

शाळेत एक युक्ती शिकले होते. कुणी काही बोललं, की पहिल्यांदा "काय?" दुसऱ्यांदा "काय म्हणालात?" तिसऱ्यांदा विचारायचं नाही. हसून मान हलवायची. समोरच्याच्या कपाळावर आठी यायच्या आत हलवायची. या युक्तीवर मी शाळा काढली, कॉलेज काढलं, परिवीक्षा काढली, लग्न ठरतानाचे निम्मे प्रश्न काढले (त्यातल्या एकाला 'हो' म्हटलं ते नंतर महागात पडलं, असो). आजचं 'निवेदन' तिथूनच आलंय, आता कळतंय. पोराच्या कपाळावर आठी नव्हतीच. मी आपली आधीच हसून मान हलवली.

घरी विचारलं, तर म्हणे, "शब्दाने काय होतं?" चेहरा मोबाईलमध्ये होता, त्यामुळे पुढचं काही कळलं नाही. विचारलंही नाही.

रडू येत होतं, मग आईचा जुना शब्दकोश काढला. रडू आलं की शब्दकोश काढायचा ही आमच्या घराण्याची खोड. तक्रार हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. मुळात त्याचा अर्थ पुन्हा करणं, पुन्हा म्हणणं. पुनरावृत्ती.

मी ते दोनदा वाचलं, आणि मग जी हसायला लागले! आतून आवाज आला असावा, "काय झालं?" चाळीस वर्षं मी काय करतेय मग? काय म्हणालात? पुन्हा सांगता का? जरा इकडे तोंड करून? माझ्याएवढी तक्रारीची सवय असलेला कर्मचारी अख्ख्या विभागात सापडायचा नाही. आणि नेमकं नोंदवहीत लिहायची वेळ आली, तर मला पदवी मिळाल्यासारखा संकोच.

शिवाय निवेदन म्हणजे काय, तर गॅदरिंगमध्ये साडी नेसून माईकवर करतात ते. मला आयुष्यात कुणी दिलं नाही. आज एकदा मिळालं म्हणायचं.

तर आता रात्री बारा वाजता टेबलावर कोरा कागद आहे. साहेबांशी भांडायचं कसं ते मला येत नाही, पण शुद्धिपत्रक काढता येतं. शेकड्याने काढलीत. त्याचा साचा हातात बसलाय, डोळे मिटून लिहीन:

'संदर्भ: या कार्यालयाच्या आवक नोंदवहीतील आजच्या दिनांकाची नोंद. उपरोक्त नोंदीच्या विषय रकान्यात "निवेदन" ऐवजी "तक्रार" असे वाचावे.'

वाचून बरं वाटलं. खाली कलम 23 घातलं, दोन आठवड्यांची मुदत घातली, नोंद तक्रार नोंदवहीत घेतल्याचा क्रमांक मला कळवावा हेही घातलं. अशी नोंदवही आहे का, हे त्यानिमित्ताने सगळ्यांनाच समजेल. प्रती दोन. उद्या साडेदहाला, तो पोरगा जागेवर असतानाच.

मग पुन्हा वाचलं, तर 'वाचावे'च्या आधी 'कृपया' होतं. मी कधी लिहिलं ते आठवत नाही. शुद्धिपत्रकात कृपया नसतंच, कुणी घालत नाही. खोडलं. वाक्य फार उघडंबोडकं दिसायला लागलं. पुन्हा लिहिलं.

सव्वाबारा झाले. अजून तिथेच आहे.