काच धुण्याआधी नळाचं पाणी तपासताना

लांब दांड्याच्या ब्रशने काचा धुण्याच्या पद्धतीत शेवटी फडकं नसतं, वायपर नसतो. जमिनीवर उभं राहायचं, पोल वर न्यायचा, ब्रशमधून येणाऱ्या पाण्याने धूळ सोडवायची, त्याच पाण्याने काच भरपूर धुवायची आणि तशीच वाळू द्यायची. तिसऱ्या-चौथ्या मजल्याची काच पुसायला माणसाला दोरीवर लटकवावं लागत नाही, हाच या पद्धतीचा सगळ्यात मोठा फायदा. मात्र पाण्यात जे काही विरघळलेलं असेल ते काचेवरच राहतं. पाणी उडून जातं, क्षार उडत नाहीत. उन्हात वाळलेल्या एकेका थेंबाचं पांढरं कडं उमटतं.

म्हणून या कामाला लागणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थांचं एकूण प्रमाण, १० पीपीएमच्या (लिटरमागे मिलिग्रॅमच्या) खाली, शक्यतो शून्याजवळ हवा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० टीडीएस ५०० पर्यंत चांगला मानतं आणि दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे प्यायला उत्तम असलेलं पाणी काचेला अजिबात चालणार नाही. ‘आमचं पाणी एकदम चांगलं आहे, आम्ही तेच पितो,’ असं ग्राहक म्हणतात तेव्हा मी हा फरक नीट समजावून सांगते, कारण पुढचा सगळा खर्च त्यावरच ठरतो.

मी आणि माझा धाकटा भाऊ पुण्यात हे काम करतो. यंत्रसामग्री घ्यायचं ठरलं तेव्हा प्रत्येक विक्रेता काचा किती, मजले किती, बजेट किती एवढंच विचारत होता. पाणी कुठलं, हे कोणी विचारलं नाही. आम्ही ठरवलं की आधी पाणी तपासायचं आणि मगच पैसे काढायचे.

सुरुवात पेनसारख्या साध्या टीडीएस मीटरने केली. हा मीटर क्षार मोजत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. तो पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतो आणि त्या आकड्याला एका गुणकाने गुणून पीपीएम दाखवतो. गुणक कुठे ०.५ असतो, कुठे ०.७. त्यामुळे १४१३ मायक्रोसीमेन्सच्या (वीज किती सहज वाहते ते मोजायचं हे एकक) प्रमाणित द्रावणात एक मीटर सातशेच्या आसपास आकडा दाखवतो, दुसरा हजारच्या आसपास, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. आमच्याकडे माझा एक आणि भावाचा एक असे दोन वेगळे मीटर होते. आकडे जुळेनात, तेव्हा आम्ही वहीत पीपीएमऐवजी मायक्रोसीमेन्स लिहायला लागलो. वाद तिथेच मिटला.

वरच्या टोकाला प्रमाणित द्रावण, तसं खालच्या टोकाला आम्ही बॅटरीचं, म्हणजे क्षार काढलेलं, पाणी वापरलं. पेट्रोल पंपावर किंवा गॅरेजमध्ये मिळणारी बंद बाटली नवीन फोडायची, मीटर बुडवायचा. आकडा शून्याजवळ आला नाही तर मीटरची टोकं खराब आहेत किंवा बाटलीत गडबड आहे. दुसरी बाटली फोडली की कोणतं ते कळतं.

आणखी एक सवय लावून घ्यावी लागते. बोअरच्या पाण्यातून काढलेला मीटर तसाच शुद्ध पाण्यात बुडवला तर टोकाला चिकटलेला एक थेंबसुद्धा आकडा वर नेतो. सातशेच्या पाण्यात हे जाणवत नाही, पण तीन आणि तेरा यातला फरक शोधताना सगळा निकाल फिरतो. मीटर आधी शुद्ध पाण्यात खळबळवायचा, ते पाणी फेकायचं, नव्या पाण्यात बुडवायचा. शुद्ध पाणी बादलीत उघडं ठेवलं तर हळूहळू आकडा शून्याचा एक होतो. तेव्हा घाबरायचं कारण नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो, त्याचा तो परिणाम. काचेवर त्याचा डाग पडत नाही.

आमच्या घरच्या नळाला कॉर्पोरेशनचं, म्हणजे खडकवासल्याचं पाणी येतं. त्याचा आकडा शंभराच्या बराच आत आला. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला ही सगळी धरणं सह्याद्रीच्या पावसावर भरतात. ते पाणी खडकात मुरून वर्षानुवर्षं राहिलेलं नसतं, म्हणून त्यात क्षार कमी. पावसाळ्यात तर गंमत दिसते. नळाचं पाणी गढूळ येतं आणि मीटरचा आकडा मात्र उन्हाळ्यापेक्षा खाली. मातीचे कण विरघळलेले नसतात, ते तरंगत असतात, आणि मीटरला ते दिसत नाहीत. आकडा चांगला आला म्हणून पुढची गाळणी काढून टाकायची नाही, हे तेव्हाच ठरलं.

खरी परीक्षा कामाच्या ठिकाणी होती. शहराच्या कडेला वाढलेल्या सोसायट्यांमध्ये कॉर्पोरेशनचं पाणी पुरत नाही. वाघोली, उंड्री, बावधन या बाजूंना बोअर आणि टँकर यांच्यावरच बरंचसं भागतं. एका सोसायटीत सकाळी पार्किंगमधल्या नळाचं पाणी मोजलं आणि दुपारी पुन्हा मोजलं, तर आकडा चौपट. मी पुन्हा पुन्हा मीटर धुवून पाहत होते, तेवढ्यात तिथले प्लंबरकाका आले.

“ताई, मीटर बरोबर आहे तुमचा,” ते म्हणाले. “सकाळी कॉर्पोरेशनचं असतं. अकरा वाजता मी बोअर सोडतो. टाकीत दोन्ही मिसळतात. आणि शनिवारी टँकर येतो, तो कुठल्या विहिरीचा ते टँकरवाल्यालाच माहीत.”

त्यांच्या त्या दोन वाक्यांनी मला मीटरपेक्षा जास्त शिकवलं. तेव्हापासून कुठेही कामाचा अंदाज द्यायला गेले की मी सोसायटीच्या ऑफिसमध्ये जाण्याआधी प्लंबर किंवा वॉचमनदादांना गाठते. बोअर किती वाजता चालू होतो, टाक्या वेगवेगळ्या आहेत की एकच, टँकर कधी येतो. त्यांच्या उत्तराप्रमाणे पाणी घ्यायची वेळ ठरवते. त्या सोसायटीत आम्ही आमची टाकी सकाळी लवकर भरून घ्यायला लागलो आणि फिल्टरवरचा भार लगेच कमी झाला.

दुसरी अडचण सॉफ्टनरची. बऱ्याच सोसायट्यांत बोअरच्या पाण्याला सॉफ्टनर बसवलेला असतो आणि समितीतले लोक खात्रीने सांगतात की आता पाणी मऊ आहे, डाग पडणार नाहीत. साबणाला फेस येतो, गिझरच्या कॉइलवर थर चढत नाही, हे खरंच आहे. पण सॉफ्टनर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम देतो. विरघळलेला माल जवळपास तेवढाच राहतो. सॉफ्टनरच्या आधीच्या आणि नंतरच्या नळावर मीटर लावून पाहा, आकडा जवळजवळ तोच येतो.

इथे मीटरच्या जोडीला कडकपणा तपासायचा थेंबांचा संच लागतो. बाटलीत ठरावीक पाणी घ्यायचं, त्यात रंगाची पूड टाकली की पाणी कडक असेल तर वाइनसारखं लाल होतं. मग दुसऱ्या बाटलीतून एकेक थेंब सोडत, हलवत राहायचं. लालाचं निळं झालं की थांबायचं आणि थेंब मोजायचे. सॉफ्टनरच्या आधीचं पाणी बरेच थेंब पितं. नंतरचं पाणी पूड टाकताच निळं दिसतं. मीटरचा आकडा मोठा आणि रंग मात्र लगेच निळा, म्हणजे पाण्यात सोडियमचे क्षार आहेत. ते काचेवर डाग पाडतातच, फक्त पुसायला सोपे जातात. पण आमच्या पद्धतीत पुसायला वर कोणी जात नाही.

क्लोरीनचीही एक तपासणी करावी लागते. गावाकडे ग्रामपंचायतीचे जलसुरक्षक पाण्यात थेंब टाकून पिवळा रंग येतो का पाहतात, तीच ओटी टेस्ट. आम्हाला ती उलट्या कारणासाठी लागते. पिण्याच्या पाण्यात क्लोरीन असायला हवा, पण आरओच्या, म्हणजे दाबाने पाणी पार करून क्षार अडवणाऱ्या फिल्टरच्या, पडद्याला तो खातो. म्हणून आरओच्या आधी कार्बनचा फिल्टर असतो. कार्बनमधून आलेल्या पाण्यात थेंब टाकल्यावर पिवळेपणा दिसला, की कार्बन बदलायची वेळ झाली. पडद्याची किंमत पाहता ही काही थेंबांची तपासणी मी कधीच टाळत नाही.

या सगळ्यापलीकडे एक गोष्ट मीटरला दिसतच नाही, ती म्हणजे सिलिका, वाळूत आणि काचेत असतो तोच पदार्थ. आपला सगळा भाग बेसॉल्टवर बसलेला. बोअरचं पाणी त्या काळ्या खडकाच्या भेगांतून येतं आणि येताना सिलिका घेऊन येतं. नेहमीच्या पाण्यात सिलिकावर विद्युतभार नसतो, त्यामुळे ती वीज वाहून नेत नाही आणि मीटरचा आकडा हलत नाही. आधीच डाग पडलेल्या काचेवर हे तपासायचा साधा उपाय आहे. लिंबूसत्त्वाचं पाणी डागावर लावून थांबायचं. चुनखडीचा डाग विरघळतो. तरीही जो पांढुरका थर राहतो तो बहुतेक सिलिकाचा, किंवा काचच खरवडली गेलेली. जुन्या इमारतींच्या तळमजल्यावर, बागेच्या स्प्रिंकलरचं बोअरचं पाणी रोज काचेवर उडतं तिथे, असे डाग मी खूप पाहिलेत. काम घेण्याआधी मी ते ग्राहकाला दाखवते आणि नुसत्या धुण्याने हे जाणार नाहीत असं स्पष्ट सांगते.

सिलिका मोजायला प्रयोगशाळाच लागते. जिल्ह्यांमध्ये भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा आहेत, खासगीही आहेत. आम्ही खासगी प्रयोगशाळेत गेलो. नमुना घ्यायची त्यांची पद्धत मला फार आवडली आणि मी ती कायमची उचलली. नळ आधी काही मिनिटं वाहू द्यायचा. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची. काठोकाठ भरून, हवा न ठेवता झाकण लावायचं आणि लगेच जागा, तारीख, वेळ लिहायची. बाटली प्लॅस्टिकचीच हवी, कारण काचेच्या बाटलीतून सिलिका पाण्यात उतरू शकते.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, “प्यायला का, मॅडम?”

“नाही, काचा धुवायला.”

ती थोडी थांबली आणि तिने आतल्या केमिस्टना बोलावलं. ते बाहेर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि यादीत सिलिका वेगळी लिहून घेतली, कारण पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत ती नसते. पाणी तपासायला जाल तेव्हा ती तोंडाने मागून घ्या.

अहवाल हातात आल्यावर यंत्र कुठलं घ्यायचं याचा हिशोब आम्ही घरी बसून मांडला. क्षार काढायचे दोन मार्ग असतात. आरओचा पडदा बहुतेक क्षार अडवतो, साधारण ९५ टक्के धरले तरी चालतात. डीआयचं रेझिन, म्हणजे क्षार धरून ठेवणारे बारीक मणी, उरलेले सगळे पकडतं, पण त्याची पकड मर्यादित असते. एक लिटर मिश्र रेझिन चुनखडीच्या हिशोबाने साधारण २५ ग्रॅम क्षार धरतं. आता ८० पीपीएमचं खडकवासल्याचं पाणी घेतलं तर एका लिटर रेझिनमधून तीनशे लिटर पाणी शुद्ध निघतं. ७०० पीपीएमचं बोअर घेतलं तर जेमतेम ३५ लिटर. आम्हाला दिवसाला तीन-चारशे लिटर पाणी लागतं. म्हणजे बोअरवर दहा लिटरची रेझिनची बाटली एका दिवसात संपली. त्याच बोअरचं पाणी आधी आरओतून काढलं तर ७०० चे ३५ होतात आणि तीच बाटली, कागदावर तरी, सात हजार लिटर चालते. प्रत्यक्षात थोडी कमी, कारण बोअरच्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड पडद्यातून पार होतो आणि रेझिनला खातो.

फक्त खडकवासल्याच्या पाण्यावर काम असतं तर नुसतं रेझिनही पुरलं असतं. पण आमच्या कामांमध्ये बोअरच्या सोसायट्या जास्त, शिवाय सिलिकाला आरओचा पडदा चांगला अडवतो. म्हणून गाळणी, कार्बन, आरओ आणि शेवटी लहान डीआय असा संच आम्ही घेतला. रेझिन संपत आलं की सिलिका सगळ्यात आधी निसटते आणि मीटर तेव्हाही गप्प असतो, त्यामुळे आकडा १० वर जायची वाट आम्ही पाहत नाही. शून्याचा दोन-तीन झाला की बदलतो. आणि दर कामाआधी धुतलेल्या काळ्या टाइलवर चार-पाच थेंब टाकून उन्हात वाळवतो. टाइल साफ राहिली तरच पोल उचलायचा.

राहतं ते आरओतून बाहेर टाकलं जाणारं पाणी. शुद्ध पाण्याएवढंच, कधी जास्तच, पाणी आरओ बाजूला काढतो आणि त्यात क्षार दुप्पट असतात. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पाणीकपात होते, लोक टँकरला पैसे मोजतात. अशा वेळी ते गटारात जाताना मला बघवत नाही. आम्ही त्याची नळी वेगळ्या पिंपात सोडतो आणि ते पिंप हाऊसकीपिंगच्या मावशींना देतो. पार्किंगची फरशी, जिने आणि सार्वजनिक शौचालयं त्यावर धुतली जातात. झाडांना घालू नका, हे मी त्यांना आवर्जून सांगते. आता दर देताना ‘पिंप ठेवायला जागा आणि नळ’ ही अट मी लिहूनच देते. उन्हाळ्यात बोअरची पातळी उतरली की त्याच सोसायटीचं पाणी पुन्हा मोजते आणि पावसाळा संपला की परत एकदा, कारण जानेवारीत काढलेल्या आकड्यावर मे महिन्याचा दर देता येत नाही.