दाराशी उभी असलेली आई

काल संध्याकाळी लाटव्हियाच्या राजधानीत, रीगात, आमच्या इमारतीतील शेजारी जमले आणि १८१८ साली ऑस्ट्रियात प्रथम गायिले गेलेले ‘सायलेंट नाइट’ हे नाताळचे गाणे एकाच वेळी लाटव्हियन, लिथुआनियन आणि एस्टोनियन भाषांतून सुरू झाले. पहिल्या दोन भाषा एकमेकींच्या नात्यातल्या, तिसरी फिनिशच्या कुळातली. तरी चालीने तिघींना सांभाळून घेतले.

गाणे संपल्यावर शेजारच्या आजी सहज म्हणाल्या, “आमच्या लहानपणी हे पडदे ओढून म्हणावे लागे, आणि तेवढा वेळ आई दाराशी कान देऊन उभी राहत असे.”

इथल्या तेव्हाच्या सोव्हिएत राजवटीत २५ डिसेंबर हा कामाचा दिवस होता आणि सजवलेले झाड नववर्षाच्या नावावर उभे राही, हे मी वाचले होते. पण दाराशी उभी असलेली ती आई काही केल्या डोक्यातून जाईना.

मग आजींनी ‘कलादू, कलादू’ असे पालुपद असलेली जुनी लाटव्हियन गाणी धरली. त्यांत येशूपेक्षा हिवाळाच अधिक. अस्वल, बोकड, क्रौंच यांची सोंगे घेऊन घरोघरी फिरायचे, ओंडका ओढत न्यायचा आणि शेवटी तो जाळून टाकायचा, असा सारा थाट. खरे सांगायचे तर मला हीच गाणी अधिक भावली.

चर्चकडे जाणाऱ्यांवर नजर ठेवणाऱ्यांना ही गाणी निव्वळ लोकसंगीत म्हणून निरुपद्रवी वाटली असतील का?