तुम्ही विचारलंत म्हणून : याकुत्स्कजवळ लेना नदीवर पूल का नाही?

सैबेरियाच्या नद्यांवर बोलायला उभा राहिलो की हा प्रश्न हमखास येतो. याकुत्स्क हे तीन लाखांहून जास्त वस्तीचं शहर लेनेच्या पश्चिम काठावर. दक्षिणेकडून येणारा रस्ता आणि रेल्वे दोन्ही पूर्व काठावरच्या निझ्नी बेस्त्याखला येऊन थांबतात. मधे पूल नाही, असं कसं?

'थंडी फार' हे उत्तर सोपं, पण अर्धवट. कडाक्याच्या थंडीत उलट सोयच होते. नदी गोठली की बर्फावरच रस्ता आखतात आणि त्यावरून मालाचे ट्रकही जातात. उन्हाळ्यात फेरीबोटी असतात. पंचाईत होते ती नदी गोठताना आणि फुटताना.

फुटताना जास्त, कारण लेना उत्तरेकडे वाहते. तिचा उगम बैकल सरोवराच्या पश्चिमेच्या डोंगरात. सरोवर हाकेच्या अंतरावर, तरी ही त्याच्याकडे पाठ फिरवून निघते. (अरबी समुद्र सोडून पूर्वेला गेलेली गोदावरी पाहणाऱ्या नाशिककरांना याचं नवल वाटायला नको.) वितिम, ओल्योक्मा, अल्दान, विल्युय यांना पोटात घेत सुमारे ४,४०० किलोमीटरांवर ती आर्क्टिकच्या लापतेव समुद्राला मिळते. वसंतात बर्फ आधी दक्षिणेत, वरच्या अंगाला फुटतं. खाली उत्तरेत नदी अजून घट्ट गोठलेली असते. वरून आलेल्या लाद्या तिथे अडकतात, एकमेकींवर चढतात आणि बांध तयार होतो. पाणी मग गावात शिरतं. मे २००१ मध्ये लेन्स्क शहर असंच बुडालं. कोंडी फोडायला लष्करी विमानांनी नदीवर बॉम्ब टाकले होते! हल्ली धोक्याच्या जागी बर्फ आधीच करवतीने कापतात, त्यावर काळी भुकटी पसरतात. काळा रंग ऊन शोषतो, बर्फ लवकर कमकुवत होतं.

पात्रात खांब उभा करायचा तर दर वर्षी या लाद्यांचा मारा सोसायचा. काठाची जमीन खोलवर कायमची गोठलेली, ती पायाखाली वितळू द्यायची नाही. पण हे सगळं इंजिनिअर सोडवू शकतात. खरी अडचण पैशाची, असं माझं मत. एवढ्या विरळ वस्तीसाठी एवढा खर्च कोण करणार, यातच कित्येक वर्षं गेली.

आता शहराच्या वरच्या अंगाला ताबागाजवळ काम हाती घेतलं आहे. तिथे खोरं अरुंद होतं, आणि पूल तारांवर तोललेला असल्याने पाण्यात खांब कमी लागतात. तोवर बर्फ फुटायच्या दिवसांत पलीकडे जायचं तर होवरक्राफ्ट, नाहीतर विमान.